ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना खुलं पत्र: म्हातारपणी आम्हाला पुन्हा लपायला लावू नका

ज्येष्ठांसाठी निवासी संस्था चालवणारे सर्व व्यवस्थापक, तसेच वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर, नर्स आणि मदतनीस यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरीला आलेली बाई आहे. जिच्यासोबत मी आयुष्यभर संसार केला तीही बाईच, माझ्याहून थोडी मोठी. आमचा गोतावळा आमच्यासारख्यांचाच: कोणी समलिंगी, कोणी उभयलिंगी, कोणी ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असणारे. आता आम्हा सगळ्यांवर तुमच्या दारात यायची वेळ आली आहे. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाचं हृदय कुरकुरतंय, कोणाला काल काय झालं ते आज आठवत नाही. आणि मी बघते आहे की आजारापेक्षा जास्त धास्ती त्यांनी तुमच्या दाराची घेतली आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्याशी या विषयावर बोलू गेलं की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘आमच्याकडे तसं कोणी नाही’, किंवा ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’. दोन्ही उत्तरांत वाईट हेतू नसतो, हे मला माहीत आहे. तरी दोन्ही उत्तरांनी माणसं आजारी पडतात. ते कसं, हे सांगायला मला थोडी जागा लागेल.

आधी पहिलं उत्तर. जिथे शंभर-दोनशे वृद्ध राहतात तिथे तसं कोणीच नाही, हे जवळजवळ अशक्य आहे. ते आहेत, पण तोंड उघडत नाहीत. का उघडत नाहीत, हे समजायला आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्या माणसाचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. तो विशीत होता तेव्हा मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत समलिंगी असणं हा आजार होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1973 मध्ये तो आपल्या यादीतून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने तेच करेपर्यंत 17 मे 1990 ही तारीख आली. ट्रान्स माणसांना आणखी तीसेक वर्षं थांबावं लागलं. आजारांच्या जागतिक वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2022 मध्ये लागू झाली, तेव्हा कुठे त्यांची ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर पडली. कायद्याची गतही तीच. इंग्लंड-वेल्समध्ये दोन पुरुषांच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का 1967 साली पुसला, तोही अर्धवट. जर्मनीतलं तसंच 175 कलम पूर्णपणे गेलं 1994 मध्ये. भारतात 377 कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले ते 2018 मध्ये. अनेक देशांत आजही तो गुन्हाच आहे.

या पिढीतल्या कित्येकांना ‘बरं करण्यासाठी’ विजेचे झटके दिले गेले, ओकारीची औषधं देऊन स्वतःच्याच इच्छेची किळस शिकवली गेली. हे करणारे लोक गुंड नव्हते, डॉक्टर होते. तुम्ही आज अगदी मायेने विचारता, ‘घरी कोण कोण असतं?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर नोकरी जाईल, राहतं घर सोडावं लागेल, कदाचित तुरुंगात जावं लागेल, या भीतीत त्या माणसाचं अर्धं आयुष्य गेलेलं आहे. ऐंशीव्या वर्षी, अंगात ताकद नसताना, अनोळखी लोकांच्या हाती देह सोपवायच्या क्षणी तो अचानक धीट होईल अशी अपेक्षा कशी करायची? उलट तरुणपणी मोकळेपणाने जगलेली माणसंसुद्धा या टप्प्यावर पुन्हा लपायला लागतात.

हे मी घरात पाहिलं आहे. माझ्या जोडीदाराचं खुब्याचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रियेनंतर घरी मदतनीस ठेवणं भाग पडलं. ती बाई यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घर आवरलं. आवरलं म्हणजे भिंतीवरचा आम्हा दोघींचा फोटो उतरवला, कपाटातली काही पुस्तकं मागच्या रांगेत सरकवली, माझे कपडे दुसऱ्या खोलीत नेले. मी त्या खोलीत झोपू लागले आणि मदतनीस तिच्याजवळ. दुपारी बाई घरी नसल्या की मी पुन्हा तिच्या उशाशी जायची, आणि त्या यायच्या वेळेला माझ्या पलंगावरची चादर हाताने चुरगाळून ठेवायची, मी तिथेच पडले होते असं दिसावं म्हणून. मदतनीस बाई भल्या होत्या. त्यांनी कधी काही वावगं म्हटलं नाही. आम्ही त्यांना काही म्हणायची संधीच दिली नव्हती.

रात्री लघवीला उठायचं तर माझ्या जोडीदाराला आधार लागायचा. अनोळखी हातांचा तिला फार संकोच. मी शेजारच्या खोलीत, पण मला हाक मारायची तिची छाती होईना, कारण रात्री दोन वाजता ‘मैत्रिणीला’ का बोलावता, असं कोणाच्या मनात येईल. तिने यावर उपाय काढला, आणि तो मलाही कळू दिला नाही: संध्याकाळपासून पाणी प्यायचंच नाही. काही दिवसांत मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप चढला, ती असंबद्ध बोलू लागली, पुन्हा दाखल करावं लागलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘पाणी इतकं कमी का पिता?’ ती म्हणाली, ‘तहान लागत नाही.’ केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. त्या संसर्गाचं खरं कारण तुमच्या कुठल्याही नोंदवहीत नाही.

अशा गोष्टी नोंदवहीत येत नाहीत म्हणून संशोधनाकडे बघावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॅरन फ्रेड्रिकसन-गोल्डसन यांच्या गटाने 2011 मध्ये 50 ते 95 वयाच्या 2,560 एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स, व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 21 टक्के लोकांनी आपल्या मुख्य डॉक्टरलासुद्धा आपली ओळख सांगितलेली नव्हती. 13 टक्क्यांना आपल्या ओळखीमुळे उपचार नाकारले गेले होते किंवा निकृष्ट मिळाले होते. त्याच गटाने पुढे एका राज्याच्या आरोग्य सर्वेक्षणातून दाखवलं की समलिंगी आणि उभयलिंगी वृद्धांत शारीरिक अक्षमता आणि मानसिक त्रास त्यांच्या विषमलिंगी समवयस्कांपेक्षा जास्त आहे. हे जन्मजात दुबळेपण नव्हे. इलन मेयर या संशोधकाने 2003 मध्ये मांडलेली ‘अल्पसंख्याक ताणा’ची संकल्पना आता बऱ्यापैकी प्रस्थापित आहे: कलंक, भेदभाव, सतत सावध राहणं आणि स्वतःला लपवणं यांचा ताण वर्षानुवर्षं साचतो आणि तब्येतीवर उतरतो. लपण्याची किंमत शरीर मोजतं.

आता दुसरं उत्तर: सगळ्यांना सारखं वागवणं. डॉक्टरांना माझं मुख्य सांगणं इथे आहे, कारण सारखं वागवताना तुम्ही प्रत्येकाला विषमलिंगी धरून चालता, आणि तिथेच निदान चुकतं. माझ्या पिढीतल्या अनेक समलिंगी स्त्रियांना त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की पुरुषांशी संबंध नाही ना, मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तुम्हाला नको. हे चूक आहे. या कर्करोगामागचा एचपीव्ही हा विषाणू दोन स्त्रियांच्या संबंधांतूनही पसरतो. शिवाय आमच्यातल्या कितीजणींची आधी लग्नं झालेली होती, हे कोणी विचारलेलंच नसतं. ज्यांच्या तपासण्या त्या सल्ल्यामुळे राहून गेल्या त्यांना ‘आता वय उलटलं, गरज नाही’ असं सरसकट सांगू नका. आधी झालेल्या तपासण्यांचा इतिहास पाहा आणि मग ठरवा.

एचआयव्हीचं तसंच. पासष्टीच्या पुरुषाचं वजन उतरलं, न्यूमोनिया वारंवार झाला, तर बाकी सगळ्या तपासण्या होतात आणि ही सर्वात शेवटी, कारण ‘या वयात कुठे?’ उशिरा निदान म्हणजे उशिरा औषध. आणि जे 1996 नंतर आलेल्या संयुक्त औषधांमुळे वाचले, ते आता म्हातारे होत आहेत. अमेरिकेत एचआयव्हीचं निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. त्यांना हृदयविकार, हाडांची झीज, मूत्रपिंडाचे विकार गाठतात, बऱ्याचदा समवयस्कांच्या आधी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत, एचआयव्हीसह जगणाऱ्या 40 ते 75 वयाच्या लोकांना पिटाव्हास्टॅटिन हे साधं कोलेस्टेरॉलचं औषध दिल्यावर हृदयविकाराच्या मोठ्या घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. हे तुमच्या किती फिजिशियनना ठाऊक आहे? आणि रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू असणाऱ्याला सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध देऊ नये, हे प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याला तेव्हाच कळेल, जेव्हा रुग्णाला आपल्या गोळ्यांची खरी यादी सांगायची भीती वाटणार नाही. नियमित औषधं घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून संभोगातूनही संसर्ग होत नाही. तरी अशा माणसाचं ताट वेगळं ठेवणाऱ्या आणि त्याला पाणी देताना हातमोजे घालणाऱ्या संस्था आहेत. त्या माणसाचा दिवस कसा जात असेल याचा विचार करा.

ट्रान्स वृद्धांबद्दल तर पाठ्यक्रमात काही शिकवलंच जात नाही, असं वाटावं इतकं अज्ञान भेटतं. ट्रान्स स्त्रीच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथी असतेच. ती एस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घेत असेल तर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा खाली राहतो, म्हणून ‘नॉर्मल’ वाटणारा आकडाही नीट पाहावा लागतो. ज्या ट्रान्स पुरुषाचं गर्भाशयमुख शाबूत आहे त्याला त्याची तपासणी लागते. वय वाढल्यावर रक्ताच्या गुठळीचा धोका असेल तर एस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेवरच्या पट्टीतून देता येतं. पण घडतं काय? दाखल करून घेताना कोणाला काही समजत नाही म्हणून हार्मोन सरळ बंद केली जातात आणि कोणी कारणही लिहीत नाही.

आमची एक मैत्रीण आहे, ट्रान्स स्त्री, पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेली. तारुण्यापासून एकही दिवस ती दाढी न करता कोणासमोर आली नव्हती. ती ज्या संस्थेत होती तिथे पुरुषांची दाढी ठरलेल्या दिवशी व्हायची, स्त्रियांची अर्थातच नाही, आणि ती स्त्रियांच्या यादीत असल्याने तिच्यासाठी वस्तरा आणणं कोणाचंच काम नव्हतं. कोणी तिला हिणवलं नाही. फक्त रोज सकाळी तिच्या गालांवर खुंट वाढत राहिले. ती जेवायला खाली येईनाशी झाली, मग व्यायामाला, मग कोणाशी बोलेनाशी. संस्थेने नैराश्याची गोळी सुरू केली. मी भेटायला गेले तेव्हा तिने डाव्या हाताने चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती. दाढी करून देणं हे पाच मिनिटांचं काम होतं, आणि तिच्या सेवेच्या आराखड्यात ते लिहिलं असतं तर कोणीही आनंदाने केलं असतं. सगळ्यांना सारखं वागवण्याच्या नियमात ते बसलं नाही.

नात्यांचा मुद्दा तुम्ही याआधी ऐकला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्यापैकी अनेकांना मुलं नाहीत. भावंडांनी संबंध तोडलेले असतात. आमची माणसं म्हणजे जोडीदार आणि जुने मित्र. अमेरिकेत 2010 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशानंतर सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना हे मानावं लागलं की भेटायला कोण येणार हे रुग्ण ठरवेल. असा नियम करायला कोणाला संसदेची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या संस्थेपुरता तो तुम्ही उद्या करू शकता. ज्याची बोलण्याची स्थिती आहे त्याला प्रवेशाच्या दिवशीच विचारा की तुम्हाला बोलता आलं नाही तर आम्ही कोणाला विचारायचं, आणि ते नाव संमतीपत्रासोबत, कायद्याला लागेल त्या रीतीने, लिहून घ्या. दूरचा पुतण्या आयत्या वेळी येतो आणि आयुष्यभर सोबत असलेला माणूस आयसीयूच्या बाहेर उभा राहतो, हे एवढ्याने टळतं.

मात्र यातली एक अडचण कमी बोलली जाते. आमची काळजी घेणारे आमच्याच वयाचे असतात. कुटुंबात आजारी आजोबांना सांभाळायला मुलं-सुना, नातवंडं असतात, म्हणजे खालची पिढी असते. आमच्याकडे सत्तरीचा मित्र बहात्तरीच्या मित्राला उचलून बसवतो. जो गेल्या वर्षी सांभाळत होता तो यंदा स्वतःच अंथरुणाला खिळलेला असतो. पुरुषांच्या बाबतीत तर एड्सच्या पहिल्या पंधरा वर्षांत मित्रांची अख्खी फळीच गेली. म्हणून कोणाच्या अर्जावर नातेवाइकाचं नाव नसेल आणि भेटायला येणारा एकमेव मित्र स्वतःच काठी टेकत येत असेल, तर त्या मित्राला भेटीच्या वेळेवरून अडवू नका. त्याला बसायला खुर्ची द्या.

स्मृतिभ्रंश झालेल्यांचं काय होतं, तेही ऐका. आपण कोणाला काय सांगितलंय हे विसरलं की लपवाछपवीचा हिशेब ठेवता येत नाही. एखादा पुरुष वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या जोडीदाराला सगळ्यांसमोर हाका मारू लागतो. दुसरा मनाने पन्नास वर्षं मागे जातो, म्हणजे पोलिसांच्या धाडींच्या काळात, आणि गणवेश दिसला की थरथरतो. एखादी ट्रान्स व्यक्ती आरशासमोर गोंधळते. अशा वेळी तुमच्या कर्मचाऱ्याला त्या माणसाचं आयुष्य माहीत असेल तर तो ‘तुमचे ते कसे होते?’ असं विचारून शांत करू शकतो. माहीत नसेल तर तो गप्प करतो, किंवा हसतो.

आणि इतर रहिवासी. छळ बऱ्याचदा त्यांच्याकडून होतो आणि व्यवस्थापन ‘म्हाताऱ्यांचं आपसातलं भांडण’ म्हणून हात झटकतं. अमेरिकेच्या सातव्या विभागीय अपील न्यायालयाने 2018 मध्ये हा पळवाटेचा रस्ता बंद केला. शिकागोजवळच्या एका संस्थेत समलिंगी वृद्धेला शेजारी शिवीगाळ करत होते, मारहाण झाली, तक्रारी करूनही संस्थेने काही केलं नाही. न्यायालय म्हणालं की छळ माहीत असून थांबवला नाही, तर संस्था जबाबदार ठरू शकते.

तुमच्यापैकी काहीजण धार्मिक श्रद्धेतून सेवा करता. त्या सेवेचं मोल मी कमी लेखत नाही. पण देहाने परावलंबी झालेल्या माणसाला तुमच्याशिवाय पर्याय नसतो, म्हणूनच ऑस्ट्रेलियाने 2013 मध्ये कायदा बदलून सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक वृद्धसेवा संस्थांची सूट काढली. आमच्याशी भेदभाव करायची मुभा त्यांना उरली नाही. संस्था चालू राहिल्या, श्रद्धाही राहिली.

मग आमच्यासाठी वेगळे वृद्धाश्रम हवेत का? काहींना हवे आहेत आणि तसे झालेही आहेत. बर्लिनमध्ये 2012 पासून ‘लेबेन्सओर्ट फिल्फाल्ट’ हे घर आहे, त्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी एकत्र राहण्याची सोयही आहे. मला त्याचा आनंद आहे. तरी माझा भर तिथे नाही, कारण अशी घरं मोजकीच असणार आणि बहुसंख्य आम्ही तुमच्याकडेच येणार. म्हणून मला नेदरलँड्सची वाट जास्त पटते. तिथे नेहमीच्याच संस्थांना ‘गुलाबी पायघडी’ नावाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. त्यासाठी संस्थेची धोरणं आणि रोजचा व्यवहार बाहेरून तपासला जातो, आणि तपासणी पुन्हा पुन्हा होते. दारावर इंद्रधनुष्य चिकटवून भागत नाही.

तुमच्याकडून मला काय हवं, ते सांगते. प्रवेशाच्या अर्जात जोडीदार या शब्दाला जागा द्या आणि नाव-संबोधन रहिवाशाला विचारून लिहा. उत्तर न देण्याचीही मुभा ठेवा. आणि मिळालेली माहिती पलंगाच्या पायथ्याशी लटकणाऱ्या कार्डावर लिहू नका, ज्याला कामापुरती लागेल त्यालाच सांगा. एखाद्याची ओळख त्याच्या परवानगीशिवाय मुलांना किंवा शेजारच्या खाटेला कळली, तर तुम्ही त्याचं उरलेलं आयुष्य उधळता. जोडप्याला एक खोली द्या, मग ते कोणतंही जोडपं असो. प्रशिक्षण फक्त डॉक्टरांना देऊन उपयोग नाही. रात्रपाळीचे मदतनीस, अंघोळ घालणारे, सफाई करणारे, दारावरचे रखवालदार यांना आधी द्या, कारण आमचा दिवस त्यांच्या हातात असतो.

हे सगळं कणव म्हणून करू नका, एवढी विनंती आहे. मघाशी सांगितलेल्या 2011 च्या अमेरिकन अभ्यासात 89 टक्के लोकांनी सांगितलं होतं की आपल्या समुदायाचे असल्याचं त्यांना बरं वाटतं. आम्ही लग्नाच्या कागदाशिवाय संसार केले, रक्ताच्या नात्याशिवाय कुटुंबं उभी केली, मरणाऱ्या मित्रांची शुश्रूषा केली, तेव्हा रुग्णालयातले लोक खोलीत यायला घाबरत होते. माणसाची काळजी कशी घ्यायची याचा आमच्याकडे अनुभव आहे. प्रशिक्षणाला आम्हाला बोलवा. मी स्वतः यायला तयार आहे, आणि आमच्यातले आणखी काहीजण.

या पत्राचं उत्तर म्हणून मला सहानुभूतीचं पत्र नको. तुमच्या संस्थेचा सध्याचा प्रवेश अर्ज आणि तो बदलून झाल्यावरचा अर्ज, असे दोन कागद पाठवा. माझ्या जोडीदारासाठी आणि माझ्यासाठी संस्था निवडायची वेळ आता फार लांब नाही, आणि ते कागद वाचूनच आम्ही ती निवडणार आहोत.

आपली,
एक ज्येष्ठ नागरिक